आप्पा जे बोललेच नव्हते

हिंदुराव जगदाळे यांनी उभ्या आयुष्यात पाठ न टेकलेल्या पैलवानाला कधी चितपट म्हटलं नव्हतं. पंचांची नजर चुकायची, आखाड्यावर घिरट्या घालणारे कॅमेरेही चुकायचे, पण हिंदुरावांचं निवेदन चुकायचं नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या कुस्ती मैदानांत बत्तीस वर्षं त्यांनी माइक धरला होता. डोळे मिटून बसलं तरी त्यांच्या आवाजावर अख्खी कुस्ती दिसते, असं लोक म्हणत.

म्हणूनच उंबरमाळच्या यात्रेत जे घडलं ते कुणाला खरं वाटेना. रणजितने मौलाला खाली घेतलं होतं. तो घिस्सा मारून त्याला उताणा करायच्या बेतात होता, वीस हजार माणसं श्वास रोखून बघत होती, आणि कर्ण्यांतून हिंदुरावांचा आवाज दणाणला, "आणि... चितपट! कुस्ती निकाली!" हलगी कडाडली. रणजितने पकड सोडून दोन्ही हात वर केले. मौला मात्र पालथाच होता, त्याच्या पाठीला मातीचा कणही लागला नव्हता. तो उठला, बेसावध रणजितचे पाय ओढून पट काढला आणि त्यालाच खराखुरा चितपट करून मोकळा झाला. मग आधी फेटे उडाले, मागून खुर्च्या उडाल्या. पोलिसांनी मैदान बंद केलं आणि सगळ्या गावाचं बोट हिंदुरावांकडे वळलं.

हिंदुराव माइकसमोर ओठ हलवत उभे होते. त्यांना काहीतरी ओरडून सांगायचं होतं, पण कर्ण्यांतून काही केल्या ते येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कर्करोगाने त्यांचा कंठ गेला होता, तेव्हापासून ते यंत्राने बोलत. हनुवटीखाली एक पट्टा बसवलेला होता. जबड्याच्या आणि जिभेच्या स्नायूंची हालचाल तो टिपायचा, फोन ती सर्व्हरकडे धाडायचा आणि तिथून शब्द परत यायचे ते थेट हिंदुरावांच्याच जुन्या आवाजात. गावोगावच्या लोकांनी मोबाइलवर टिपलेली मैदानं गोळा करून तो आवाज घडवला होता. ऐकणाऱ्याला फरक कळत नसे.

घरी आल्यावर त्यांनी पट्टा काढून खुंटीला अडकवला, पाटी घेतली आणि बायकोसमोर धरली. "ते मी बोललो नाही."

मालनबाईंनी वाचलं, मान हलवली आणि आत जाऊन पुण्याला मुलीला फोन लावला. "तुझ्या ॲपनं तुझ्या बापाला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई बघ," एवढंच म्हणून त्यांनी ठेवूनही दिला.

मुलगी म्हणजे संयोगिता. 'स्वरदा' नावाचं ते ॲप बनवणाऱ्या छोट्या कंपनीत ती प्रोग्रामर होती. बाप खोटं बोलणार नाही याची तिला खात्री होती आणि ॲप चुकणार नाही याचीही होती. दोन्ही खात्र्या एकत्र नांदणं काही शक्य नव्हतं. घरचं माणूस म्हणून हिंदुरावांच्या, म्हणजे तिच्या आप्पांच्या बोलण्याची नोंद बघायची परवानगी तिला होतीच. सोमवारी ऑफिसात शिरल्या शिरल्या तिने उंबरमाळची दुपार उघडली.

नोंदीत प्रत्येक शब्दापुढे तो आला कुठून हे लिहिलेलं असे. 'पट्टा' म्हणजे माणूस स्वतः बोलला. 'चितपट'पुढे 'पट्टा' नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'सांधा'.

संयोगिताने ती ओळ दोनदा वाचली. 'सांधा' तिनेच लिहिला होता.

त्यामागचं कारण साधंच होतं. ॲप अजून जुन्या पद्धतीने, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांच्यातल्या एकाच रांगेतून बोलायचं. त्या रांगेचा नियम कडक. आवाजाचे तुकडे क्रमांक लावून पाठवायचे आणि पलीकडे क्रमानेच हाती द्यायचे. चौथा तुकडा वाटेत हरवला, तर पाचव्यापासून पन्नासाव्यापर्यंतचे सगळे दारात येऊन उभे असले तरी त्यांना आत प्रवेश नाही. चौथा पुन्हा मागवायचा आणि तो येईपर्यंत बाकीच्यांनी ताटकळायचं. पत्राला किंवा फोटोला हे चालून जातं, बोलण्याला चालत नाही. माणूस बोलता बोलता अडकायचा आणि चार सेकंदांनी सगळं एकदम भडाभडा यायचं. लोक चिडायचे. म्हणून तिने सांधा केला होता. नेटवर्क अर्ध्या सेकंदापर्यंत अडलं, तर माणसाच्या जुन्या बोलण्यावरून पुढचा शब्द ताडून भरायचा. तक्रारी कमी झाल्या, तशी कुणीतरी ती मर्यादा अर्ध्या सेकंदावरून चारवर नेली. संयोगितानेच त्याला मंजुरी दिली होती. उशिरा पोचलेले खरे शब्द शिळे म्हणून टाकून दिले जात. ते काय होते याची नोंद राहत नसे. किती होते, एवढंच उरे.

वीस हजार माणसं, तितकेच फोन. मैदानात आप्पांचे तुकडे हरवत होते. ते कदाचित "रणजित घिस्सा मारायच्या बेतात" असं म्हणत असतील. त्यांच्या बत्तीस वर्षांच्या बोलण्यात घिस्स्यानंतर बहुतेक वेळा चितपट यायचं, म्हणून सांध्याने चितपट म्हणून टाकलं होतं.

ती खुर्चीला टेकून बसली. मग तिच्या मनात एक वेगळीच शंका आली आणि ती आली नसती तर बरं, असं तिला वाटलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आप्पा श्वास कोंडून बेशुद्ध होते. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले होते की कंठ आत्ताच काढावा लागेल, त्यांना उठवून विचारण्याइतका वेळ नाही. मालनबाई भिंतीला धरून खाली बसल्या. सही संयोगिताने केली. ज्या माणसाचं सगळं नाव आवाजावर उभं होतं त्याचा आवाज तिने एका सहीने घालवला होता. आठ महिने तिला हे बोलायचं धाडस झालं नाही. आप्पांना पट्टा मिळाल्यावर एकदा तिने पुण्याहून फोन केला आणि धाडकन विचारून टाकलं, "आप्पा, मी सही केली म्हणून राग आहे का तुम्हाला?" क्षणभर शांतता होती. मग तोच भरदार आवाज आला, "नाही गं बाळा."

ती त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून पोटभर रडली होती. छातीवरचा धोंडा उतरला होता.

फोनवर बोलताना आवाज सर्व्हरवरून थेट ऐकणाऱ्याकडे जातो. बोलणाऱ्याला तो ऐकूच येत नाही. म्हणजे तिने काय ऐकलं हे आप्पांना कळायला मार्गच नव्हता.

तिने ती तारीख उघडली. नाही, सांधा. गं, सांधा. बाळा, सांधा. त्याखाली एक ओळ होती: पट्ट्याचे चौदा शब्द उशिरा आले, टाकले.

आप्पा चौदा शब्द बोलले होते आणि तिच्यापर्यंत त्यातला एकही पोचला नव्हता.

खरं तर तिला तेव्हाच कळायला हवं होतं. आप्पांनी तिला जन्मात कधी बाळा म्हटलं नव्हतं. ते तिला ठके म्हणायचे आणि 'नाही' नाही, 'न्हाई' म्हणायचे. बाळा हा शब्द त्यांनी मैदानात ठेवला होता, हरलेल्या लहान पैलवानांसाठी. "ऊठ बाळा, पुढच्या वर्षी तूच." सांध्याला तो तिथेच सापडला होता. संयोगिताला त्या दिवशी तो इतका गोड लागला की आपल्या बापाचा शब्द आणि परका शब्द यांतला फरकही तिला कळला नाही. हे आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली.

"सांधा काढायचा," ती टीमचा प्रमुख मनोज नेने याला म्हणाली.

"काढला तर पुन्हा तक्रारी येतील."

"येऊ देत. निदान लोक त्या स्वतःच्या शब्दांत करतील."

मनोजने नोंद वाचली. फोनची नोंदही तिने त्याला दाखवली. तीही त्याने शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाला, "पण मग अडकण्याचं काय? त्यावर तर हा उपाय होता."

"अडकणंच घालवायचं. आपला सर्व्हर चार वर्षांपासून नव्या प्रोटोकॉलला तयार आहे, मनोज. आपलं ॲपच अजून जुन्या दारावर टकटक करतंय. त्यातली नेटवर्कची लायब्ररी, तो तयार कोड, कुणी बदललीच नाही."

"चालत होतं म्हणून."

"चालत नव्हतं. चालतंय असं दिसत होतं, आणि तसं दिसावं याची सोय मी केली होती."

नवा प्रोटोकॉल म्हणजे क्विक, तुकडे पोचवायची नवी पद्धत. त्यात एक रांग नसते, पाहिजे तितक्या रांगा असतात. लग्नाच्या पंगतीत वरण यायला उशीर झाला म्हणून सगळ्या पंगतींचं वाढप थांबवायचं, हा जुना कारभार. इथे ज्या पंगतीचं वरण राहिलं तेवढीच थांबते. संयोगिताने आप्पांच्या एकेका शब्दाला वेगळी रांग दिली. एका शब्दाचा तुकडा हरवला तर तो शब्द अंमळ खरखरेल, पण त्याच्यामागचे शब्द त्याच्यासाठी खोळंबणार नाहीत.

कागदावर हे सोपं होतं. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी ऑफिसच्या वायफायने नवे तुकडे दारातूनच हाकलले. पुष्कळ ठिकाणच्या पहारेकरी यंत्रणांना ही पद्धत ओळखीची नसते आणि अनोळखी दिसलं की त्या फेकून देतात. म्हणून तिने ॲपला दोन्ही दारं एकदम ठोठावायला शिकवलं. जे आधी उघडेल त्यातून आत जायचं. मग वेगळंच खूळ निघालं. एका जागी नवं दार बंद मिळालं की ॲप रुसायचं आणि दिवसभर कुठेच नवं दार ठोठावायचं नाही. ऑफिसातून निघून ती घरी गेली तरी ते जुन्याच रांगेत उभं. या रुसव्याने तिचे नऊ दिवस खाल्ले. शेवटी तिने प्रत्येक नेटवर्कची आठवण वेगळी ठेवली आणि गाडी रुळावर आली. सहाव्या आठवड्यात ती नवं ॲप घेऊन गावी गेली.

आप्पा सोप्यात बसले होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि पाटी मांडीवर घेतली.

"आप्पा, तुमचं खरं होतं. ते तुम्ही बोलला नव्हता. माझ्या प्रोग्रामने तुमच्या नावावर खपवलं."

आप्पांनी लिहिलं, "गावाला कोण सांगणार?"

"मी सांगितलंय. मैदान भरवणाऱ्या बापू निकमांना नोंद पाठवली. बोरखडीच्या मैदानात ते तुम्हाला निवेदनाला पहिली एक कुस्ती देतायत. ती नीट झाली तर पुढच्या सगळ्या."

आप्पांनी पाटी पुसली. पुन्हा लिहिलं. "अडलं तर काय बोलेल?"

"काहीच नाही. गप्प बसेल."

"नक्की?"

"नक्की. तुमच्या तोंडात आता दुसऱ्याचा शब्द जाणार नाही."

ते उठले. खुंटीवरचा पट्टा काढून त्यांनी फुंकर मारली आणि हनुवटीखाली बसवला. ओठ हलले आणि लगोलग, अगदी ओठांबरोबर, आवाज आला. "मालन, च्या टाक. आणि साखर बेताची, मागच्या वेळी पाक केला हुतास."

बोलत बोलतच ते चप्पल सरकवून अंगणात गेले, फाटकाबाहेर पडले आणि तालमीच्या रस्त्याला लागले. संयोगिता फोनकडे बघत मागून चालली होती. घरचं वायफाय फाटकाशी संपतं, तिथून पुढे टॉवर. जुन्या पद्धतीत जोडणी फोनच्या नेटवर्कवरच्या पत्त्याला बांधलेली असे, आणि वायफाय सुटून टॉवर आला की तो पत्ता बदलतो. पत्ता बदलला की ती तुटायची आणि आप्पांचं प्रत्येक वाक्य फाटकात मोडून पडायचं. क्विकमध्ये जोडणीला स्वतःचाच एक क्रमांक असतो. पत्ता बदलला तरी सर्व्हर क्रमांक बघतो, माणूस ओळखतो आणि बोलणं पुढे चालू ठेवतो. आप्पा फाटक ओलांडून लिंबापर्यंत गेले तरी साखरेचं पुराण मोडलं नाही. मालनबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, पण चहात साखर मात्र घालायची तेवढीच घातली.

संयोगिताला तेव्हाच विचारायचं होतं. विचारवलं नाही. आधी मैदान होऊ दे, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती घाबरली होती.

बोरखडीला आखाड्याच्या हौदाभोवती माणूस मावत नव्हतं. बापू निकमांनी हिंदुरावांच्या हाती माइक दिला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "आधी पाठ बघा, मग बोला!" लोक हसले. आप्पांनी हसणाऱ्यांकडे बघितलंही नाही. सलामी झाली, पैलवान भिडले. आप्पांचे ओठ हलले आणि कर्णे मुके राहिले.

एक सेकंद गेला, दुसरा गेला. शिट्ट्या सुरू झाल्या. संयोगिता मंचाखाली फोन बघत होती. यात्रा समितीने लोकांसाठी फुकट वायफाय लावलं होतं. आप्पांच्या फोनने ते आपणहून पकडलं होतं आणि त्याच्या पहारेकऱ्याने नवं दार बंद ठेवलं होतं. जुन्या दारात तर वीस हजारांची गर्दी. मग ॲपने या नेटवर्कच्या नावावर काट मारली आणि टॉवरकडे जाऊन नवं दार ठोठावलं. ते उघडलं.

"...पट काढला होता, पण सुटला! वा रे गड्या, सुटला! आता ढाक लावतोय, बघा, डावा पाय बघा..."

ओठ आणि आवाज एकत्र चालत होते. पैलवानाचा पाय उचलला जायचा आणि त्याच क्षणी आप्पा तो पाय आवाजात उचलायचे. कुस्ती अकरा मिनिटं चालली. शेवटी वरच्याने खालच्याला फिरवलं तेव्हा सगळं मैदान आप्पांकडे बघू लागलं. आप्पा गप्प राहिले. खांदा टेकला. तरी गप्प. दुसरा खांदा टेकला, पंचाचा हात वर गेला आणि मग कुठे आवाज फुटला, "चितपट!"

मैदान असं उसळलं की हलगी ऐकू येईना. बापू निकमांनी पुढची यादी आप्पांच्या हातात ठेवली, सगळीच्या सगळी. मघाशी ओरडलेला गडी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होता. संयोगिताच्या जिवात जीव आला. तीन सेकंद कर्णे मुके राहिले होते, पण एकही खोटा शब्द त्यांतून बाहेर पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा तालमीच्या कट्ट्यावर बसले होते. ती शेजारी जाऊन बसली.

"आप्पा, मागे फोनवर मी तुम्हाला एकदा विचारलं होतं की मी जी..."

"सहीचं," आप्पा मध्येच म्हणाले.

तिने मान हलवली. "मला उत्तर ऐकू आलं, नाही गं बाळा."

आप्पांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते, हसण्याला पट्ट्याकडे आवाज नव्हता. "बाळा? तुला? आणि तुला पटलं?"

"मला तेच ऐकायचं होतं, आप्पा. म्हणून पटलं."

त्यांचं हसू ओसरलं. "मी म्हणलं हुतं, राग हाय. लई हाय. पण फोनवर नगं. तू घरी ये. समोरासमोर बसून भांडू आपण." ते थांबले. "मग दिवाळीला आलीस. दोन दिस हसलीस, खेळलीस, करंज्या खाऊन गेलीस. मी वाट बघत हुतो, आता बोलंल, मग बोलंल. शेवटी म्हणलं, हिला कायबी वाटत न्हाई."

संयोगिताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "मला वाटलं, तुम्ही माफ केलंत. मी निश्चिंत होते."

"आन् मी इथं कुढत बसलो हुतो."

"आता आहे राग?"

आप्पांनी उत्तर दिलं नाही. तिची नजर सवयीने फोनवर गेली. जोडणी ठणठणीत होती, एकही तुकडा अडलेला नव्हता. ही शांतता त्यांची स्वतःची होती. तिने फोन पालथा ठेवला आणि वाट बघितली.

"हाय," ते म्हणाले. "तू केलंस ते बरोबरच केलंस, जगलो म्हणून बोलतोय. ते मला कळतं. पर ठके, शुद्धीवर आल्यावर पैल्यांदा तू सांगायला पायजे हुतं. मला नर्सबाईकडनं कळलं."

"मला भीती वाटत होती."

"बापाची?"

"तुमच्या गप्प बसण्याची. तुम्ही ओरडला असता तर चाललं असतं, पण तुम्हाला ओरडताच..." तिला पुढे बोलवेना.

"मग आता ओरडतो की! बस नीट, अशी पळायच्या बेतात नगं बसू!" लिंबावरची पाखरं उडाली इतका तो आवाज चढला आणि संयोगिताला रडता रडता हसू फुटलं. ती कट्ट्यावर मांडी घालून बसली. दोन वर्षांचा धोंडा तिला वाटलं होतं तसा मागेच उतरला नव्हता. तो आत्ता उतरत होता, आणि उतरताना दुखत होतं, आणि तिला फार फार बरं वाटत होतं.

"त्या डॉक्टरनं तुला नक्की काय सांगितलं, पैल्यापासनं सांग," आप्पा म्हणाले. ती सांगू लागली. तिसऱ्याच वाक्याला त्यांनी तिला तोडलं, तिने त्यांना तोडलं आणि दोघांचेही आवाज तालमीबाहेर जाऊ लागले.

मालनबाई रस्त्यावरून हाका मारत आल्या. "अवो, भाकरी निवतीया! चला की दोघं!"

"झाकून ठेव," आप्पा ओरडले. "आमचं आत्ता कुठं सुरू झालंय."